पर्वती-तळजईची फेरी
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



सोसायटी नवी होती तेव्हा दर रविवारी आम्ही बाराजण टेकडीला जायचो. आज तिघेच उरलोत. काही देवाघरी गेले, काही मुलांकडे परदेशी. पण चार-पाचजण गुडघ्यांच्या धास्तीने घरातच बसलेत. त्यांच्यासाठी हे दोन शब्द.

स्वारगेटहून सारसबागेवरून गेलं की पर्वतीचा पायथा आलाच. देवस्थान नानासाहेब पेशव्यांनी उभारलेलं. पानिपतानंतर १७६१ मध्ये त्यांनी इथेच देह ठेवला. पायऱ्या शंभरावर, पण रुंद आहेत. उतरून सहकारनगरमार्गे तळजईच्या पठारावर जायचं, पाचगाव-पर्वती वनविहारात झाडीतून फिरायचं आणि परत. नशीब असेल तर मोर दिसतो. गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. म्हणून पायऱ्या नको असतील त्यांनी रिक्षाने थेट तळजईला यावं.

आमचा नियम एकच: सर्वांत हळू चालणारा पुढे, बाकीचे मागे. तरुण मंडळींनीही यावं. हात धरायला कुणी आहे म्हटलं की म्हातारं माणूस घराबाहेर पडतं.

बँकेत दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं. पायांचं दोन महिन्यांतच होतं! तेव्हा रविवारी सकाळी सहाला, गेटपाशी.