पाहुणे पक्षी आणि खाडीकाठची वस्ती

(पनवेल तालुक्यातील पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पनवेलकरांना पक्षी नवे नाहीत. मुंबई-गोवा मार्गावरील कर्नाळा किल्ल्याच्या पायथ्याचे रान 1968 सालापासून पक्षी अभयारण्य म्हणून राखलेले आहे. परंतु आज मला रानातील नव्हे, तर वस्तीला खेटून उतरणाऱ्या मोठ्या थव्यांविषयी बोलावयाचे आहे. हिवाळ्याची चाहूल लागली की ठाणे खाडीत रोहित पक्षी, ज्यांना आपण फ्लेमिंगो म्हणतो, येऊ लागतात आणि पावसाळ्याच्या तोंडापर्यंत मुक्काम करतात. चांगल्या हंगामात त्यांची संख्या लाखाच्या घरात जाते. 2015 साली शासनाने या खाडीचा सुमारे 1,690 हेक्टर भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित केला आणि 2022 साली रामसर कराराखालील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत तिचा समावेश झाला.

दुसरीकडे, आपल्याच तालुक्यात नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा राहिला. 8 ऑक्टोबर 2025 रोजी त्याचे उद्घाटन झाले. तेव्हा हजारोंचे थवे आणि विमाने यांनी एका आकाशात कसे नांदावे, हा प्रश्न आता पनवेलच्या दाराशी आला आहे.

हा प्रश्न केवळ हौशी पक्षिनिरीक्षकांचा नाही. 15 जानेवारी 2009 रोजी न्यूयॉर्क शहरातून निघालेले एक प्रवासी विमान कॅनडा हंसांच्या थव्यावर आदळले, दोन्ही इंजिने निकामी झाली आणि वैमानिकाला ते हडसन नदीत उतरवावे लागले. विमानातील 155 जण वाचले, हे त्याच्या कौशल्याचे फळ. 20 मे 2024 रोजी आपल्या घाटकोपरवर उतरणीच्या मार्गावरील एका विमानाला रोहित पक्ष्यांचा थवा धडकला. विमान सुखरूप उतरले, परंतु 39 पक्षी मरून पडले. म्हणजे यात माणसाचा जीव आहे आणि पक्ष्याचाही.

अशा वेळी पहिला विचार सुचतो तो पक्षी हटविण्याचा. न्यूयॉर्कमध्ये त्या अपघातानंतर शहरातील हंस पकडून मारण्याची मोहीम झाली. पुढे शास्त्रज्ञांनी इंजिनात सापडलेल्या पिसांची तपासणी केली, तेव्हा असे दिसून आले की ते हंस शहरात बारमाही राहणारे नव्हते. ते उत्तरेकडून आलेले प्रवासी होते. स्थानिक हंस आधीच मारले असते तरी तो अपघात टळला नसता. यातून एक धडा मिळतो : पक्षी कोठून येतो, कशासाठी येतो आणि कोणत्या वेळी उडतो हे कळल्याविना केलेला उपाय व्यर्थ जातो.

आपल्याकडील रोहित पक्ष्यांची दिनचर्या पंचांगाने ठरत नाही, ती खाडीने ठरते. ओहोटी लागली की चिखलाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात. तेथे चोच उलटी धरून, पाणी गाळून, हे पक्षी सूक्ष्म शेवाळ आणि बारीक जीव टिपतात. भरती चढली की चिखल पाण्याखाली जातो आणि थवे उथळ तलावांकडे विश्रांतीसाठी उठतात. नेरूळ परिसरातील तलाव आणि उरण तालुक्यातील पाणजे येथील पाणथळ ही अशीच विसाव्याची ठिकाणे होत. उधाणाच्या दिवसांत चिखल सर्वाधिक बुडतो, म्हणून तेव्हा ही ये-जाही अधिक असते.

आता विचार करा. असा तलाव बुजविला, किंवा त्यात येणारे खाडीचे पाणी अडविले, तर काय होईल? भरती काही थांबणार नाही. थवे उठतीलच, फक्त ठरलेली जागा न मिळाल्यामुळे ते अनोळखी ठिकाणी, अनोळखी वाटेने, कदाचित धावपट्टीच्या मोकळ्या जागेवरही घिरट्या घालतील. नेरूळच्या डीपीएस तलावात 2024 साली खाडीचे पाणी येण्याचा मार्ग बंद झाला. तलाव आटला, पक्ष्यांना विसाव्याची जागा उरली नाही आणि त्या परिसरात काही रोहित मृत व जखमी सापडले. पुढे 2025 साली राज्य वन्यजीव मंडळाने हा तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली. विमानतळापासून दूर असलेली विसाव्याची जागा जिवंत ठेवणे हे पक्ष्यांवरील उपकार नव्हेत; तो हवाई सुरक्षिततेचाच भाग आहे.

परंतु सर्व पक्षी खाडीवर येत नाहीत. घार, कावळा आणि गायबगळा यांना आपण बोलावतो, तेही उकिरड्यावर. उघड्यावर टाकलेले मांस-मासळीचे अवशेष आणि हॉटेलांचा खरकटा माल दिसला की घारी दिवसभर आकाशात चकरा मारतात. म्हणूनच 1937 च्या विमान नियमांतील 91 व्या नियमाने विमानतळापासून 10 किलोमीटरच्या आत जनावरे कापणे व पक्ष्यांना आकर्षित करणारी घाण टाकणे यांस निर्बंध घातले. या कक्षेत पनवेल शहर येते, कामोठे आणि उलवेही येतात. मात्र केवळ दंडाच्या धाकाने हे साधणार नाही. मटण-मासळी विकणाऱ्यांचा कचरा रोजच्या रोज, झाकलेल्या गाडीतून उचलला गेला पाहिजे आणि मासळी सुकविणाऱ्या भगिनींना जाळीखालची जागा मिळाली पाहिजे. खाडीकाठच्या कोळी-आगरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या चालविलेला उद्योग बंद पाडून सुरक्षितता आणणे न्यायाचे होणार नाही.

तेव्हा कामाची वाटणी सरळ आहे. अधिकाऱ्यांनी भराव किंवा बांधकामाची परवानगी देण्यापूर्वी भरतीचे पाणी कोणत्या वाटेने आत येते हे जागेवर जाऊन पाहावे. नकाशावर तलाव शाबूत दिसतो, पण त्याची मोरी बंद झालेली असते. पंचायत सदस्यांनी 2002 च्या जैविक विविधता कायद्याखालील समिती कागदावर न ठेवता, गावातील पाणथळ जागा आणि तेथे उतरणारे पक्षी लोक जैवविविधता नोंदवहीत लिहून घ्यावेत. नोंद नसलेली जागा बुजविणे सर्वांत सोपे असते.

शिक्षकांकडे तर मोलाचे काम आहे. तिथीच्या पाऊणपटीवरून भरतीची वेळ काढण्याचा हिशेब आपल्या किनाऱ्यावर जुना आहे : पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास, अष्टमीला सहाच्या सुमारास. हा हिशेब मुलांना त्यांच्या आजोबांकडून शिकू द्या. मग एका वहीत तिथी, भरतीची वेळ, थवा कोणत्या दिशेने गेला आणि अंदाजे किती पक्षी होते, एवढे चार रकाने मुलांनी नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत भरावेत. गणित, भूगोल आणि विज्ञान यांचा तो उत्तम पाठ होईल. शिवाय दोन-तीन हंगामांच्या अशा वह्या जमल्या, तर थवे कधी आणि कोणत्या वाटेने उठतात हे वन विभागाला व विमानतळाच्या व्यवस्थापनाला सांगण्याजोगी माहिती पनवेलच्या शाळांकडे असेल. येत्या हंगामात प्रत्येक खाडीकाठच्या शाळेने अशी एक वही सुरू करावी, एवढीच माझी विनंती आहे.