फोंडा घाट चढून काय काय आले



आज तुमच्या घरी कालवण कसले होते, ते मला ठाऊक नाही. पण त्यात मिरची होती, एवढे मी पैजेवर सांगतो. कोल्हापूरकडचे घर आणि कालवणात मिरची नाही, असं कसं होईल? तांबडा रस्सा म्हटला, की आपण छाती पुढे काढून म्हणतो, हे आमचे. आणि ते खरेच आहे.

पण मंडळी, ही मिरची मूळची इथली नव्हे, बरं का! पाचशे वर्षांमागे ती आपल्या देशात कुठेही नव्हती. ती अमेरिकेतली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. त्याआधी तिखटाला आपल्याकडे मिरे होते, आले होते. नवे फळ मिऱ्यासारखेच झोंबते, म्हणून आपल्या माणसांनी त्याचे नाव ठेवले मिरची. गंमत अशी, की ज्या मिऱ्यांच्या ओढीने वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोचला, ते मिरे त्याच्या लोकांनी जहाजे भरभरून नेले आणि आपल्या पदरात मिरची टाकली. तंबाखू, मका, भुईमूग, बटाटा, काजू, पेरू, पपई, ही सारी मंडळीही मूळची अमेरिकेतलीच.

वस्तूंबरोबर शब्द आले. कुलपाची चावी, दाराची बिजागरी, गवंड्याचे घमेले, महिन्याचा पगार, हे शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतले. आणि त्याच गलबतांतून आणखी तीन शब्द उतरले : काडतूस, तुरुंग आणि लिलाव. हे तीन शब्द तेवढे ध्यानात ठेवा.

परक्यांच्या व्यापाराने आणि राज्याने आपला गावगाडा बदलला, असे आपण पुस्तकांत वाचतो. तो नेमका कसा बदलला? सगळेच वाईट झाले काय? की सगळेच चांगले? हा प्रश्न मोठा आहे. पण मोठा प्रश्न आपल्या उंबऱ्यावरून पाहिला, की सोपा होतो. म्हणून आज आपण राधानगरीत उभे राहू या.

कोल्हापूरहून निघालेली वाट भोगावतीच्या काठाकाठाने राधानगरीला येते, दाजीपूरच्या रानातून पुढे सरकते आणि फोंडा घाटाने कोकणात उतरते. खाली खारेपाटण, राजापूर, देवगड, मालवण. आज या वाटेने मोटारी धावतात. पूर्वी सह्याद्रीतल्या अशा घाटवाटांनी लमाणांचे तांडे चालत. बैलांच्या पाठीवर गोणी, गळ्यात घुंगुरमाळा. खालून वर मीठ, सुकी मासळी, नारळ, सुपारी. वरून खाली धान्य, गूळ, तंबाखू.

आपण म्हणतो, जुने खेडे स्वयंपूर्ण होते. सुताराने नांगर करावा, लोहाराने फाळ शेवटावा, चांभाराने मोट शिवावी आणि शेतकऱ्याने सुगीला ज्याचे त्याचे बलुते घालावे. ठीक आहे. पण मीठ कोणत्या बलुतेदाराने पिकवले? घाटावर मिठागर नाही. म्हणजे आपले गाव जगापासून तुटलेले कधीच नव्हते. व्यापारही जुना आणि परदेशी व्यापारीही जुने. अरबांची गलबते आपल्या किनाऱ्याला शेकडो वर्षे लागत होती. मग युरोपातून टोपीवाले आले, तेव्हा असे काय नवे घडले?

याचे उत्तर राजापुरात सापडते. सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांनी तिथे वखार घातली. वखार म्हणजे माल साठवायची जागा. इथवर तक्रारीचे काही नाही. पण १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला आणि शिवाजी महाराज गडावर अडकले. त्या वेळी राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफ आणि दारूगोळा घेऊन घाट चढून आला आणि इंग्रजांचे निशाण लावून त्याने गडावर गोळे टाकले. मिरे मोजणारा हात तोफेला बत्ती देऊ लागला! पुढल्याच वर्षी, १६६१ साली, महाराजांनी राजापूर गाठले. रेव्हिंग्टन आणि त्याचे सोबती कैद झाले. ते सुटले १६६३ साली.

ही गोष्ट आपल्याकडच्या एका माणसाने नीट ओळखली होती. रामचंद्रपंत अमात्य. त्यांच्या घराण्याचे ठाणे गगनबावडा, म्हणजे आपल्या शेजारचेच. करवीरच्या संभाजीराजांच्या काळात, १७१५-१६ च्या सुमारास, त्यांनी आज्ञापत्र लिहिले. त्यात ते व्यापाराच्या विरुद्ध बोलत नाहीत. उलट सावकारांमुळे राज्य भरभराटते, त्यांना जपावे, परमुलखातून आणून वसवावे, असा त्यांचा उपदेश आहे. पण टोपीकरांची गोष्ट ते वेगळी काढतात. हे निव्वळ व्यापारी नव्हेत, यांच्या पाठीशी यांचे राजे आहेत, असे ते बजावतात. यांना खाडीच्या मुखाशी जागा देऊ नये. द्यावीच लागली, तर समुद्रापासून आत, सखल ठिकाणी द्यावी आणि पक्की इमारत बांधू देऊ नये. एकदा जागा धरली, की ती हे सोडणार नाहीत. तीनशे वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या कुशीत बसून एका कारभाऱ्याने काढलेले हे अनुमान आहे.

आता पुढे काय झाले, ते पाहा. मालवण हे करवीर राज्याचे समुद्राकडचे दार. १७६५ साली इंग्रजांनी ते जिंकून घेतले आणि पुढल्या साली अटी घालून परत दिले. १७९२ च्या तहात मालवण आणि कोल्हापूर येथे कंपनीला वखारी घालू देण्याचे कबूल करावे लागले. आणि १८१२ च्या तहाने मालवणचे बंदर किल्ल्यांसकट कायमचे इंग्रजांकडे गेले. एक लढाई, तीन तह, आणि सत्तेचाळीस वर्षांत दाराची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला गेली.

तुम्ही म्हणाल, बंदर गेले ते राजाचे. राधानगरीच्या रानातल्या शेतकऱ्याला त्याचे काय? त्याला मिठाचे! मिठागरे इंग्रजी अमलाखाली गेली, तेव्हा मिठावरचा कर तिथेच वसूल होऊ लागला. १८८८ साली तो मणामागे अडीच रुपये झाला. कराचा पैसा सरकारचा, पण तो फिटायचा खाणाऱ्याच्या खिशातून. शेजारी गोव्यात पोर्तुगीजांचे राज्य, तिथले मीठ तरी स्वस्त मिळावे? तीही वाट १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने अडवली. इंग्रजांनी पोर्तुगीजांना वर्षाकाठी चार लाख रुपये कबूल केले आणि गोव्याच्या मिठाचा ताबा आपल्याकडे घेतला. दोन परके राजे कागदावर सही करतात आणि तिसऱ्याच माणसाच्या भाकरीतले मीठ महाग होते. १९३० साली शिरोड्याच्या मिठागरावर सत्याग्रही उगाच लाठ्या खायला गेले नव्हते.

दुसरी गोष्ट गडांची. आपल्या शेजारी भुदरगड आहे. गडकरी पिढ्यानपिढ्या गड राखीत आणि त्या चाकरीबद्दल त्यांना जमिनी लावून दिलेल्या असत. त्यांचे पोट आणि त्यांचा मान, दोन्ही त्या गडाला बांधलेले. कोल्हापूरचे राजे अल्पवयीन असताना इंग्रजांनी आपल्या पसंतीचा कारभारी नेमला आणि गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या हाताखाली घातल्या. हिशेबाच्या वहीत हा एक साधा फेरफार होता. पण १८४४ साली सामानगड पेटला, मग भुदरगड, मग पन्हाळा. इंग्रजांची फौज आली आणि डिसेंबरात पन्हाळा पडला. गडांचे तट पाडले, गडकऱ्यांची व्यवस्था मोडली. ज्याच्या आजोबाने गडाचा दरवाजा राखला, तो नातू कामाच्या शोधात वाटेला लागला. सहलीला गेलात आणि पडका तट दिसला, की मुलांना सांगा, की हा केवळ काळाने पडलेला नाही.

तिसरी गोष्ट वाटेची. १८९१ साली कोल्हापूरला आगगाडी आली. ही चांगलीच गोष्ट झाली. गूळ लांबवर जाऊ लागला आणि १८९५ साली वसवलेल्या शाहूपुरीत पेठ भरू लागली. पण व्यापाराचे तोंड फिरले. आजवर ते पश्चिमेला, घाट उतरून समुद्राकडे होते. आता ते मिरज-पुण्यावरून मुंबईकडे वळले. कोकणातली जुनी बंदरे मागे पडली. गिरणीच्या आणि विलायती कापडाने गावच्या कोष्ट्याचा माग थंडावला. आणि मालाच्या मागोमाग माणसेही मुंबईला गेली. कोकणातला आणि घाटावरचा तरुण गिरणीत साच्यावर उभा राहिला. घरी म्हातारी माणसे, बायका, आणि महिन्याकाठी येणारी मनीऑर्डर. धान्याच्या सुगीची वाट पाहणारे घर पोस्टमनची वाट पाहू लागले. समाज बदलला म्हणतात, तो असा बदलला.

पण श्रोतेहो, एवढ्यावर थांबलो, तर मी तुम्हांला अर्धीच गोष्ट सांगितली असे होईल. जुना गावगाडा म्हणजे काही स्वर्ग नव्हता. ज्याला गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते, त्याला विचारा, तो काय सांगतो. आणि बाहेरून आलेले सगळेच विष नव्हते. शाळा, छापखाना, रेल्वे, स्थापत्याची विद्या, यांचा उपयोग कोण करतो आणि कोणासाठी करतो, यावर सारे ठरते.

याचा दाखला आपल्या डोळ्यांसमोर उभा आहे. राजर्षी शाहू महाराज १८९४ साली गादीवर बसले. लगोलग दुष्काळ आणि प्लेग यांनी मुलूख गांजला. १९०२ साली ते विलायतेला गेले. ते तिकडे असतानाच २६ जुलैला संस्थानात हुकूम निघाला, की नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांना ठेवाव्या. जगात फिरणाऱ्या राजाचे लक्ष घरातल्या शेवटच्या माणसावर होते. आणि मग भोगावतीवर धरणाचे काम हाती घेतले गेले. लेक राधाबाई, अक्कासाहेब, यांच्या नावाने गाव वसले, तेच राधानगरी. धरणाची विद्या नवी, पश्चिमेकडून आलेली. पण पाणी कुठे अडवायचे, ते कोणाच्या शेताला द्यायचे, हे ठरवणारा माणूस इथला होता. काम सोपे नव्हते. पैसा कमी पडला, काम रखडले. महाराज १९२२ साली गेले, तेव्हा धरण अपुरेच होते. ते पुरे झाले स्वातंत्र्यानंतर, १९५० नंतरच्या दशकात. आजही पावसाळ्यात त्याचे सात स्वयंचलित दरवाजे उघडले, की पंचगंगेकाठची गावे सावध होतात. आणि उन्हाळ्यात तेच पाणी ऊस जगवते. या तलावाखाली काहींच्या जमिनी गेल्या, तीही किंमत विसरून चालणार नाही.

मिरची आणि मिठाचा कर, दोन्ही समुद्राकडूनच आले. मिरची आपण चाखून पाहिली, परसात लावली, तिला आपले नाव दिले, ती आपली झाली. मिठाचा कर आपल्याला कोणी विचारून लावला नाही, तो शेवटपर्यंत परकाच राहिला. गडकऱ्यालाही कोणी विचारले नव्हते. परक्या वस्तूने समाज मोडत नाही, मंडळी. आपल्या घरातले निर्णय दुसरा घेऊ लागला, म्हणजे तो मोडतो.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. इतिहासाच्या तासाला मुलांना सनावळी द्याच, पण त्याबरोबर एक काम द्या. आपल्या घरातल्या दहा वस्तू आणि दहा शब्द लिहून आणायला सांगा. ते कुठून आले, हे आजीला विचारा म्हणावे, कोशात पाहा म्हणावे. मुले मिरचीपासून निघतील आणि लिलावापर्यंत पोचतील. लिलावापाशी आली, की मग त्यांना तहांच्या सनावळ्या पाठ कराव्या लागणार नाहीत.

आणि शेतकरी बंधूंनो, घाट चढून नवे काही येतच राहणार. नवे बियाणे येईल, नवे यंत्र येईल, नवा खरेदीदार येईल. दार लावून घेऊ नका. रामचंद्रपंतांनीही लावा म्हटले नव्हते. पण दारात आलेल्याला पाणी देताना दोन गोष्टी विचारून घ्या : बाबा रे, तराजू कोणाच्या हातात राहणार? आणि तुझ्या पाठीशी कोण आहे?