दुरुस्ती कोणी करावयाची? : घरमालक आणि भाडेकरू यांची कर्तव्ये



पावसाळा तोंडावर आला की जुन्या चाळींतून आणि वाड्यांतून एक वाद हमखास ऐकू येतो. कौले फुटलेली असतात, जिन्याचा कठडा हलत असतो, सामाईक मोरी तुंबलेली असते. भाडेकरू म्हणतो, "घर मालकाचे, तेव्हा दुरुस्तीही मालकानेच करावी." मालक म्हणतो, "येणाऱ्या भाड्यात सिमेंटची गोणीही पदरात पडत नाही. जो राहतो त्याने करावी." दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते; परंतु वाद मिटेपर्यंत तुळई थांबत नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईतील भेंडी बाजार भागात एक जुनी इमारत कोसळली आणि ३० हून अधिक माणसे प्राणास मुकली. जुन्या घरांचा प्रश्न केवळ रुपयांचा नाही, याची आठवण अशा घटना करून देतात.

वादाचे मूळ

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरांतून जागांची टंचाई निर्माण झाली. भाडेकरूंना संरक्षण देण्यासाठी मुंबई राज्यात १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी भाड्याने दिलेल्या जागांचे त्या दिवशीचे भाडे हे प्रमाण भाडे ठरले. नंतर दिलेल्या जागांना पहिल्या वेळचे भाडे लागू झाले. यामुळे लक्षावधी कुटुंबांना निवारा टिकविता आला. परंतु भाडे जागच्या जागी राहिले आणि लाकूड, चुना, मजुरी यांचे दर वाढत गेले. परिणामी अनेक मालकांनी इमारतींकडे पाठ फिरविली. गोठविलेले भाडे काळाच्या ओघात न्याय्य राहिलेले नाही, असे मत सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर १९९७ मध्ये व्यक्त केले.

मुंबई शहरातील जुन्या इमारतींसाठी १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा करून दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापण्यात आले. अशा इमारतींवर उपकर बसवून त्या रकमेतून संरचनात्मक दुरुस्ती करावयाची, ही त्यामागील योजना होती. म्हणूनच या इमारती उपकरप्राप्त म्हणून ओळखल्या जातात. हे मंडळ पुढे म्हाडाचा भाग झाले. तथापि ही व्यवस्था मुंबई शहरापुरती आहे. राज्याच्या इतर भागांत मालक व भाडेकरू यांनाच मार्ग काढावा लागतो.

आजचा कायदा काय सांगतो

३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला. पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा येथे पूर्वी निरनिराळे कायदे होते. त्यांची जागा या एकाच कायद्याने घेतली. मालकाला दरवर्षी भाड्यात ४ टक्के वाढ करण्याची मुभा त्यात आहे. त्याचबरोबर कलम १४ अन्वये, भाडेकरूने वेगळा करार केलेला नसल्यास, जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर आहे.

मालकाने दुरुस्ती टाळल्यास भाडेकरूने, किंवा अनेक भाडेकरूंनी मिळून, किमान १५ दिवसांची नोटीस द्यावयाची असते. त्यानंतर वाजवी मुदतीत काम न झाल्यास भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात वळती करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. खर्चाचा हिशेब व पावत्या जपून ठेवणे अगत्याचे आहे.

या तरतुदीची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. महिना १०० रुपये भाडे असेल तर वर्षाला १,२०० रुपये होतात आणि त्याचा चौथा हिस्सा ३०० रुपये. एवढ्यात फुटकी कौले बदलता येतील, जिना उभारता येणार नाही. म्हणून किरकोळ कामांसाठी हे कलम उपयोगी आहे. मोठ्या कामांसाठी सर्व भाडेकरू, मालक आणि स्थानिक प्राधिकरण यांनी एकत्र बसण्यावाचून गत्यंतर नाही.

मालकाने पाणी, वीज किंवा जिन्यातील दिवे बंद करून भाडेकरूची कोंडी करणे हा कायद्याने गुन्हा आहे. उलट, दुरुस्ती होत नाही म्हणून भाडेकरूने भाडेच थांबविणे हीदेखील मोठी चूक ठरते. अशा वेळी मालक थकबाकीची लेखी नोटीस देतो, ९० दिवसांनंतर दावा लावतो आणि ज्याची बाजू न्याय्य होती तोच थकबाकीदार म्हणून न्यायालयात उभा राहतो. जागेचे नुकसान करणे किंवा लेखी संमतीवाचून पक्के बांधकाम करणे हीदेखील जागा खाली करविण्याची कारणे होऊ शकतात.

घर सोडण्याची भीती

इमारत धोकादायक ठरल्यावरही कुटुंबे तेथेच का राहतात? एकदा बाहेर पडलो की हक्क गेला, ही भीती त्यांच्या मनात असते. सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेने मोडकळीस आलेली इमारत पाडल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले की, केवळ इमारत पाडली गेल्याने भाडेकरूचा हक्क संपुष्टात येत नाही. हे रहिवाशांना समजावून सांगितले पाहिजे. जागा सोडण्यापूर्वी खोलीचे क्षेत्रफळ, भाडेपावत्या आणि राहणाऱ्यांची नावे यांची लेखी नोंद करून घेतली, तर हक्क आणि जीव या दोहोंपैकी एकाची निवड करण्याची पाळी येणार नाही.

गावपातळीवरील कर्तव्य

भाडे नियंत्रण कायदा प्रत्येक गावाला आपोआप लागू नाही. तो अनुसूचीत नमूद केलेल्या क्षेत्रांपुरता आहे. अन्यत्र मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ लागू होतो. त्यानुसार मालक जी दुरुस्ती करण्यास बांधील आहे, तीच नोटिशीनंतर भाडेकरूला करून घेता येते व खर्च भाड्यातून कापता येतो. म्हणजेच मालक कशास बांधील आहे, हे मुख्यतः करारावरून ठरते. शाळेसाठी, दवाखान्यासाठी किंवा नोकरीनिमित्त गावात आलेल्या शिक्षकासाठी घर घेताना छप्पर कोणी शाकारावयाचे, नळ कोणी दुरुस्त करावयाचा, हे आधीच लिहून ठेवावे. तोंडी शब्द पहिल्या पावसात वाहून जातो.

पंचायत सदस्यांनी न्यायाधीश होण्याचे कारण नाही. तंटा न्यायालयाच्या पायरीवर पोहोचण्यापूर्वी दोघांना समोरासमोर बसविले तरी पुष्कळ साधते. शिक्षकांनी साध्या भाषेत नोटीस लिहून देण्यास साहाय्य करावे. अधिकाऱ्यांनी धोकादायक घराची तक्रार येताच, पावसाची वाट न पाहता, पाहणी करावी आणि तिची लेखी नोंद ठेवावी.

घर मालकाचे असते आणि संसार भाडेकरूचा असतो. भिंतीला पहिली भेग दिसते तेव्हाच दोघांनी खर्चाचा वाटा ठरविला, तर तो दोघांच्याही आवाक्यात राहतो.