हवेचा धडा

हवा आणि हवामान यांतील भेद प्राथमिक शाळेंतील मुलाला व्याख्या पाठ करवून कळत नाहीं. शाळेच्या अंगणांत पर्जन्यमापक ठेवावा आणि रोज सकाळीं ८॥ वाजतां मुलांनींच पाऊस मोजून फळ्यावर लिहावा. आज किती पडला, ती हवा. ३० वर्षांची सरासरी, तें हवामान. महाबळेश्वरीं वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. घाट उतरून वाईस यावें, तों त्याचा पांचवा हिस्साही नाहीं. ढग डोंगरमाथ्यावरच रिते होतात, हें कारण मग मूल आपणच शोधतें.

मोजण्याची संवय लागली कीं संकटाची चाहूलही मोजतां येते. मृगाच्या आधीं वळीव कोसळतो, शेतांतील माणसें झाडाचा आडोसा घेतात, आणि तेथेंच वीज घात करते. कारण तिचा ओढा उंच वस्तूकडे असतो. ध्वनि सेकंदाला सुमारें ३४० मीटर जातो. म्हणून लखलखाटापासून गडगडाटापर्यंतच्या सेकंदांना ३ नें भागावें. वीज किती किलोमीटरांवर आहे तें कळतें. ३० सेकंदांच्या आंत गडगडाट ऐकूं आला, तर पक्क्या घरांत जावें. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडूं नये.

एवढा भागाकार तिसरी-चौथींतील मुलास येतो. त्यानें तो बांधावर उभ्या असलेल्या बापाला सांगितला आणि बाप झाडाखालून निघाला, म्हणजे भूगोलाचा तास सार्थकीं लागला.