यीस्टच्या पेशीतील सहकार



पाव फुगवणारे यीस्ट हा एकाच पेशीचा जीव. तरीही त्याच्या पेशीत 16 गुणसूत्रे आणि सुमारे 6000 जनुके असतात. ती सारी एकाच वेळी कार्यरत राहिली, तर पेशीची शक्ती व्यर्थ जाईल. म्हणून कोणत्या जनुकाचे आरएनएमध्ये प्रतिलेखन केव्हा व्हावे, हे सतत ठरवावे लागते. हा निर्णय कोणतेही प्रथिन एकट्याने घेत नाही, हेच या विषयाचे मर्म होय.

गॅलॅक्टोज या शर्करेचे उदाहरण पाहावे. यीस्टला ग्लुकोज अधिक प्रिय. ते उपलब्ध असेतोवर गॅलॅक्टोजच्या वापरासाठी लागणारी जनुके बंद राहतात. दोन्ही शर्करा नसताना, पेशी अन्य अन्नावर जगत असेल, तर गॅल-4 हे प्रथिन त्या जनुकांजवळ डीएनएला चिकटून सज्ज असते. मात्र गॅल-80 हे दुसरे प्रथिन त्याचा कार्यकारी भाग झाकून ठेवते. गॅलॅक्टोज आले की गॅल-3 त्याच्याशी जोडले जाते, गॅल-80 ला स्वतःकडे गुंतवते आणि गॅल-4 वरील बंधन सुटते.

तरीही गॅल-4 स्वतः प्रतिलेखन करीत नाही. ते इतरांना पाचारण करते. ‘सागा’ हा प्रथिनसमूह डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेले असते त्या हिस्टोनांवर रासायनिक खुणा करतो आणि टाटा-बंधक प्रथिनाला जागेवर बसण्यास साहाय्य करतो. ‘मीडिएटर’ हा 25 प्रथिनांचा समूह गॅल-4 चा निरोप आरएनए पॉलिमरेजपर्यंत पोहोचवतो. या पॉलिमरेजचेही 12 घटक असतात. इतक्या हातांच्या मेळातून प्रतिलेखन सुमारे हजारपटीने वाढते.

ही यंत्रणा केवळ यीस्टची नाही. टाटा-बंधक प्रथिनाचा गाभा यीस्ट आणि मानव यांच्यात सुमारे 80 टक्के समान आहे. 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत यीस्टच्या गॅल-4 ने सस्तन प्राण्यांच्या पेशींत, फळमाशीत आणि तंबाखूच्या रोपातही, त्याची बंधस्थाने जोडलेली जनुके कार्यान्वित केली. उत्क्रांतीच्या वाटा कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, तरी ही भाषा सामाईक राहिली.

म्हणूनच यीस्टमधील शोध माणसाच्या कामी येतो. मीडिएटरचा शोध रॉजर कॉर्नबर्ग यांच्या प्रयोगशाळेत यीस्टवर काम करताना लागला. प्रतिलेखनावरील संशोधनासाठी त्यांना 2006 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले. पुढे 2011 मध्ये, स्त्रियांच्या गर्भाशयात होणाऱ्या फायब्रॉइडच्या गाठींपैकी अनेकींत मीडिएटरच्याच एका घटकाच्या, मेड-12 च्या, जनुकात बदल आढळले. यीस्टमध्ये कुतूहलापोटी शोधलेला दुवा असा रुग्णाच्या व्याधीपर्यंत येऊन पोहोचला.

विद्यार्थिमित्रहो, शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टचा थेंब ठेवाल, तेव्हा त्या इवल्या पेशीला क्षुद्र समजू नका. तिच्यात चाललेले काम या क्षणी तुमच्याही केंद्रक असलेल्या सजीव पेशींत चालू आहे.