दहावा आला का?



बैठकीला एखादी आली नाही की आपण म्हणतो, "एकीनं काय अडतंय? सही नंतर घेऊ." आज आम्ही अशा लोकांबद्दल सांगतो, ज्यांचं एकावाचून अडतं.

कोकणात अलिबाग, पेण, रोहा या भागात बेने इस्राएल, म्हणजे ज्यू लोक, पिढ्यान्‌पिढ्या राहिले. बोली मराठी. आडनावं गावांवरून, दिवेकर, पेणकर, रोहेकर अशी. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. १९४८ नंतर बरेच जण इस्राएलला गेले.

त्यांच्यात प्रार्थना एकट्यानं घरीही होते. पण काही प्रार्थना दहा जण जमल्याशिवाय म्हणतच नाहीत. घरातलं माणूस गेल्यावर म्हणायची प्रार्थनासुद्धा त्यातलीच. नऊ पंडित बसलेले असले तरी वाट बघायची. दहावा साधा घाणेवाला असला तरी मोजणीत तो पंडिताएवढाच.

आता खरं सांगायचं तर जुन्या रीतीत हे दहा पुरुषच धरतात. आम्हाला हे काही पटलं नाही. पण त्यांचा मलिदा बघा. नवस फेडताना, शुभकार्यात एलियाहू संदेष्ट्याच्या नावानं ताट मांडतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सोबत फळं. ते ताट बायकांच्या हातचं. १८८०च्या सुमारास त्यांच्यात मराठी कीर्तन सुरू झालं, पुढे बायकाही गाऊ लागल्या. आणि मुंबईत १९२५ साली ज्यूंची नव्या विचाराची प्रार्थना-संस्था निघाली, तेव्हा पुढे होत्या डॉ. जेरुशा झिराड, बाळंतपणाच्या नावाजलेल्या डॉक्टरीणबाई.

हे वाचताना आम्हाला आमच्याच गटातली एक मावशी आठवली. मालक गेल्यापासून ती भजनात मागं, दाराजवळ बसायची. आम्ही कोणी "पुढं या" म्हटलं नाही. श्रावणात तर निरोपही दिला नाही. त्या दिवशी चाल कोणालाच उचलता येईना, कारण पहिली ओळ कायम तीच धरायची. तेव्हा कुठं आमच्या ध्यानात आलं.

परवा आम्ही चौघी तिच्या घरी गेलो. चहा दिला, बोलली कमी. "बघू," एवढंच म्हणाली. टाळ आम्ही तिच्याकडंच ठेवून आलोत. भजन सोमवारी आहे. ती येईस्तोवर सुरू करायचं नाही, असं ठरलंय.