नऊ आणि एक



आम्हांला या व्यासपीठावर बोलावले तेव्हा आम्ही बोनसावर बोलू, अशी चालकांची समजूत असावी. आम्ही विषय दिला तो जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या एका गणिताचा. आमचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले. हे गणित आम्ही प्रौढपणी, गरजेपोटी शिकलो. ती गरज कशी पडली, ते आधी सांगतो.

ठाण्यातल्या एका कारखान्यात कामगारांची पोटे वारंवार बिघडू लागली. युनियनने पिण्याच्या टाकीतले पाणी तपासून मागितले. अहवाल आला : दर मिलिलिटरला ६,२०० जंतू. व्यवस्थापक म्हणाले, "गेल्या खेपेला जवळजवळ एवढेच होते." पगाराच्या पावतीवरचा आकडा कसा आला, हे विचारण्याची आमची जुनी खोड. तीच येथे कामी आली. आम्ही विचारले, "हे ६,२०० मोजले कोणी आणि कसे?"

जंतू डोळ्यांना दिसत नाही. पण घट्ट पोषक थरावर तो वाढला की त्याच्या वंशाचा एक ठिपका उठतो, आणि ठिपका मोजता येतो. ही रीत रॉबर्ट कॉख यांनी १८८१ साली दाखवून दिली. हेच कॉख १८९७ साली प्लेगच्या तपासासाठी मुंबईत आले होते. आता अडचण अशी की, ठिपके तीनशेच्या वर गेले की एकमेकांत मिसळतात, आणि तिसाच्या खाली आले की त्यांवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून घाण पाणी आधी पातळ करावे लागते.

किती पातळ? समजा, दहा लाख पट. एकाच दमात करायचे तर चाळीच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी भरून तीत एक मिलिलिटर नमुना टाकावा लागेल. प्रयोगशाळा ते काम सहा नळ्यांत करते. प्रत्येक नळीत ९ मिलिलिटर निर्जंतुक पाणी. पहिलीत १ मिलिलिटर नमुना घालून नीट हलवायचा, म्हणजे दशांश झाला. त्यातला १ मिलिलिटर दुसरीत, म्हणजे शतांश. दर वेळी नळीका मात्र नवी घ्यायची. सहाव्या नळीपाशी दहा लाखावा भाग हाती येतो. सगळे मिळून पाणी लागले ५४ मिलिलिटर!

येथे नऊ का, दहा का नाही? कारण नऊ आणि एक मिळून दहा होतात. दहात एक घातला तर अकरा होतात. एका पायरीला ही चूक क्षुल्लक वाटते. पण सहा पायऱ्यांनंतर दहा लाखांऐवजी १७,७१,५६१ पट विरलन झालेले असते. व्याजावर व्याज चढावे तशी चूक चुकीवर चढते. सावकाराचा हिशेब ज्याला भोवला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता आमचा अहवाल. प्रयोगशाळेतल्या ताईंनी वही उघडली. दुसऱ्या, म्हणजे शतांश नळीतले पाणी थरावर पसरले होते, ठिपके ६२. बासष्ट गुणिले शंभर, ६,२००. आम्ही विचारले, "ताई, थरावर पाणी किती पसरले?" त्या क्षणभर थांबल्या. पसरले होते ०.१ मिलिलिटर. म्हणजे आणखी दहाने गुणायला हवे होते : ६२,०००. त्यांनी तिथल्या तिथे चूक कबूल करून अहवाल दुरुस्त केला. त्यांचा आम्हांला आदर वाटला. पुढे खोदून पाहिले, तेव्हा गटाराशेजारी फुटलेला नळ सापडला.

विषमज्वराच्या विडाल तपासणीतही हीच शिडी आहे. फक्त पायऱ्या दुपटीच्या : २०, ४०, ८०, १६०, ३२०. ज्या शेवटच्या नळीत गुठळ्या दिसतात, तिचा आकडा अहवालात येतो. म्हणून ८० आणि १६० यांत अंतर एकाच नळीचे असते. तेवढ्यावरून घाबरू नये आणि निर्धास्तही होऊ नये, डॉक्टरांना विचारावे.

शेवटी एकच सांगतो. पातळ केल्याने जंतू मरत नाहीत; ते फक्त पसरतात. कारखान्याचे सांडपाणी पाणी मिसळून वालधुनीत सोडले, तर लिटरमागचा आकडा उतरतो, नदीच्या पदरात पडणारे विष तेवढेच राहते. तेव्हा कोणी आकडा पुढे केला की नम्रपणे दोन प्रश्न विचारा : किती पटीने पातळ केले, आणि मोजायला किती घेतले? हे विचारायला पदवी लागत नाही.